शाळेची फी वाचेल, पण विमा नेमका कुणाचा उतरवलाय?

उदगीरहून एका वाचकाने लिहिलंय: "माझं वय ३८. मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, खर्च जाऊन महिन्याला सरासरी ५५ हजार सुटतात. पत्नी इंग्रजी शाळेत शिक्षिका, पगार १३ हजार. मुलगी साडेनऊ वर्षांची, मुलगा सहाचा. जूनपासून दोघांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलंय, पत्नी नोकरी सोडेल. दोघांची फी ७६ हजार होते (पत्नी तिथेच असल्यामुळे निम्मी माफ आहे). ती दरवर्षी गुंतवली तर मुलगी अठराची होईपर्यंत २५ लाख होतील का? बाकी मुलांची काळजी नाही. साडूंनी दोघांच्या नावाने पॉलिसी काढून दिल्यात, वर्षाला ९६ हजार भरतो, तीन हप्ते झालेत, २० वर्षांनी ४० लाख मिळणार." सोबत पॉलिसीच्या कागदांचे फोटो आहेत.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही होणार. वर्षाला ७६ हजार, नऊ वर्षं, १० टक्के परतावा धरला तर सव्वाअकरा लाखांच्या आसपास जमतील. २५ लाख व्हायला वर्षाला साधारण २५ टक्के हवेत, आणि इतका दर आपल्याकडे फक्त खासगी सावकार लावतो.

शिवाय हे ७६ हजार वाचतच नाहीत. निम्मी फी माफ आहे हे तुम्हीच कंसात लिहिलंय, म्हणजे खिशातून जातात ३८ हजार. वह्या-पुस्तकं, गणवेश, गॅदरिंग यांचे १४ हजार धरू. झाले ५२ हजार. वहिनींचा पगार जाणार वर्षाला १ लाख ५६ हजार. घरी शिकवायचं म्हणजे पुस्तकं, इंटरनेट, एखादा तबल्याचा नाहीतर पोहण्याचा क्लास, चार ठिकाणी फिरवून आणणं, त्याचे ३५ हजार. बेरीज-वजाबाकी करा: वर्षाला सुमारे १ लाख ४० हजारांचा खड्डा. घरशाळा स्वस्त पडते हा समज डोक्यातून काढा.

महाग म्हणजे चूक, असं मात्र मी म्हणत नाही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य पैशाचं नाहीच. मुलगी संध्याकाळी दुकानात बसून जळालेल्या मोटारीच्या कॉइलचे वेढे मोजते आणि वहीत लिहून ठेवते, असं तुम्ही लिहिलंय. २४ स्लॉटचा (खाचांचा) स्टेटर, म्हणजे मोटारीचा स्थिर भाग, तीन फेजमध्ये वाटला की एकेका फेजला आठ स्लॉट, हा भागाकार तिला आता कुणी फळ्यावर शिकवायची गरज नाही. साठ मुलांच्या वर्गात तिच्यासाठी कुणी थांबत नाही आणि पुढेही जाऊ देत नाही. घरी दोन्ही होतं. भर उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा शिकून दुपार मोकळी ठेवता येते. आई स्वतः शिक्षिका आहे, हे तर अर्धं भांडवल.

कागदपत्रांची भीती बाळगू नका, पण दुर्लक्षही नको. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकाला शिक्षा नाही. दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाकडून बाहेरून देता येते किंवा एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शाळा मंडळाकडून. एनआयओएसच्या दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. टीसी नीट जपून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, मुलीने उद्या 'नीट'चं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं, मनावर घेतलं तर उदगीरची पोरं जातात तिथेच तीही जाईल, लातूरला. क्लास, खोली, मेस मिळून दोन वर्षांचे तीन-साडेतीन लाख धरून चला, आजच्या भावाने. घरशाळेने हा खर्च टळत नाही.

आता न विचारलेलं.

फोटोतला दुसरा कागद मी मोठा करून दोनदा पाहिला. दोन्ही पॉलिसींवर 'विमाधारक' म्हणून मुलांची नावं आहेत. तुम्ही प्रस्तावक, म्हणजे नुसते हप्ते भरणारे. आणि खाली 'प्रीमियम वेव्हर रायडर' (हप्ते भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड) समोर लिहिलंय: नाही.

याचा अर्थ सरळ सांगतो, वाईट वाटलं तरी. उद्या विहिरीवर मोटार बसवताना तुम्हाला काही झालं, तर या दोन पॉलिसींमधून घरी एक रुपया येणार नाही. उलट नोकरी सोडून बसलेल्या वहिनींना दरवर्षी ९६ हजार भरत राहावे लागतील. म्हणजे घरात कमावतं माणूस तुम्ही, विजेशी खेळ तुमचा, आणि विमा उतरवलाय सहा वर्षांच्या पोराचा. त्याच्या कमाईवर कोण अवलंबून आहे? आत्तापर्यंत १३ हजारांचा का होईना, एक टेकू होता. जूनपासून तोही निघतोय. सगळा संसार एका माणसावर आणि त्या माणसावर विम्याचा रुपया नाही. मुलं शाळेत जातात की घरी शिकतात, हा प्रश्न याच्यापुढे फार लहान आहे.

साडूंना मी दोष देत बसणार नाही, पण त्या ४० लाखांचं काय ते बघू. फायद्याच्या पत्रकात दोन रकाने असतात, ४ टक्क्यांचा आणि ८ टक्क्यांचा. एकेका पॉलिसीच्या ८ टक्क्यांच्या रकान्यातल्या २० लाखांभोवती निळ्या पेनाने गोल केलाय. शेजारच्या ४ टक्क्यांच्या रकान्यात साडेअकरा लाख आहेत, त्याभोवती कुणी गोल केला नाही. दोन्ही आकडे केवळ गृहीत धरलेले, हमी कुठल्याचीच नाही. अशा पॉलिसी हातात पाच टक्क्यांच्या आसपास देतात, म्हणजे एकेकीचे साडेसोळा, दोन्ही मिळून ३३ लाख. २० पैकी तीन वर्षं सरत आली. शिक्षणाची महागाई ७ टक्के धरली तर आणखी १७ वर्षांनंतरच्या ३३ लाखांत आजच्या साडेदहा लाखांचं काम होईल. आणि ते मिळणार कधी? मुलगी २६ वर्षांची झाल्यावर. तोवर तिचं शिक्षण होऊन गेलेलं असेल. वरातीमागून घोडे!

'टॅक्स वाचतो' असंही तुम्हाला सांगितलं गेलंय. कुठला टॅक्स? तुमच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत करच लागत नाही, आणि विम्याच्या हप्त्यावरची ८०सीची सूट त्या पद्धतीत मिळतही नाही. हे सांगणाऱ्याला माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

चौथा हप्ता पुढच्या महिन्याच्या २८ तारखेला आहे. त्याआधी शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर शेवटी किती. फोनवर सांगतो म्हणाले तर ऐकू नका. तीन हप्त्यांनंतर मोडली तर मिळणारी हमीची रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे २ लाख ८८ हजारांतले लाखभर. विशेष सरेंडर मूल्य (मोडल्यावर कंपनी आपल्या हिशोबाने देते ते) त्याहून जास्त निघू शकतं. चौथ्यानंतर हमी ५० टक्क्यांवर जाते, म्हणून साडू म्हणतील, एक हप्ता भराच. भरले ९६ हजार, हमी वाढली ९१ हजारांनी. घातलेलेच पैसे परत, त्यात कमाई कुठे आहे? माझं मत पुढचा हप्ता न भरण्याकडे झुकतं, पण शाखेचे आकडे पाहिल्यावरच पक्कं सांगेन.

एरवी मी सांगतो, नवी टर्म पॉलिसी (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारी) हातात पडल्याशिवाय जुनी बंद करू नका. तुमच्या बाबतीत तेवढंही थांबायचं कारण नाही, जुन्यात तुमचा विमाच नाही! एक कोटीची टर्म, साठाव्या वर्षापर्यंत. तंबाखू खात नसाल तर वर्षाला १५ ते २० हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही गेलाय. खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी वहिनींना हेलपाटे पडतील. विजेचं काम करतो हेही लिहा.

हप्त्याच्या ९६ हजारांतून टर्मचे जाऊन राहिलेल्या ७५-८० हजारांतून मुलीसाठी सुकन्या समृद्धी, महिना तीन हजार. खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं आणि तुमच्या हातात पाचेक महिने आहेत. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. मुलासाठी साध्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) महिना तीन हजारांची एसआयपी. बारा वर्षांत १० टक्क्यांनी सव्वाआठ लाख.

आणि वहिनींचा राजीनामा? एक वर्ष पुढे ढकला. तुमचा धंदा पाण्यावर चालतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षी बोअरच कोरडे, मग मोटार जळणार कुणाची? त्या सालची तुमची वही काढून बघा, महिन्याला किती सुटले होते. घरखर्च महिना ३५ हजार असेल तर सहा महिन्यांचे दोन लाख दहा हजार आधी बँकेत एफडीत पडू द्या. पॉलिसी मोडून आलेले पैसे त्यातच टाका. त्यानंतर वहिनींनी खुशाल नोकरी सोडावी आणि दुपारी चार ते सहा घरीच शिकवणी घ्यावी. दहा मुलं, पाचशे रुपये, महिन्याचे पाच हजार, आणि तुमच्या दोन्ही मुलांना सोबतही होईल.

शाखेतून आकडे मिळाले की त्या कागदाचा फोटो पाठवा. तारीख २८ आहे, २७ला पाठवू नका.