विंडोज अपडेटनंतर लॅपटॉप बिघडला, दुकानवाला फॉरमॅट मारायचं म्हणतो, मारू का?

नका मारू, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपूर्वी विंडोज ११ चं अपडेट झालं आणि तेव्हापासून आवाज बंद, पंखा एकसारखा ओरडून राहिला, मधेमधे हँग होतो, नागपूरच्या बर्डीवरचा दुकानवाला म्हणतो फॉरमॅटशिवाय इलाज नाही आणि मुलीचं इंजिनिअरिंगचं प्रोजेक्ट त्यातच अडकलंय. लॅपटॉप चालू होतोय ना, मग आधी ते प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घ्या, बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

घेतलं? आता दुसरं काम, बिटलॉकरची की, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची किल्ली. नवीन लॅपटॉपवर डिस्क बरेचदा आपोआप लॉक केलेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो, मग दुरुस्ती करता करता एकदम निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप केला त्यात सेव्ह असते. ते अकाउंट कोणाचं आहे हे आजच शोधा, कारण खूप घरात ते दुकानातल्या पोराने घाईघाईत उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. मोबाइलवरून त्यात लॉगिन करून ती की कागदावर लिहून ठेवा.

आता घाई कशाची ते सांगतो. विंडोजचं व्हर्जनच बदललं असेल तर जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमधे १० दिवस राहते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे गो बॅकचं बटण दिसेल, ते दाबलं की जुनं विंडोज परत येतं, तुमच्या फाइल्स जागच्या जागी राहतात, फक्त अपडेटनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. तुमचे चार दिवस गेलेत. आणि कोणी म्हणालं की सी ड्राइव्ह फुल झालाय, साफ करून देतो, तर करू देऊ नका भाऊ, त्या सफाईत हेच फोल्डर उडतं आणि परतीचा रस्ता बंद होतो, याचा मला खरंच राग येतो कारण गिऱ्हाइकाला कोणी हे सांगतच नाही.

बटण फिकं दिसलं तर बहुतेक दर महिन्याचं छोटं अपडेट असेल, मायक्रोसॉफ्ट ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. विंडोज अपडेटमधे अपडेट हिस्टरी, एकदम खाली अनइन्स्टॉल अपडेट्स, तिथे केबीने सुरू होणारे नंबर आणि तारखा आहेत, त्या दिवशीचं काढा, रिस्टार्ट करा आणि पॉज अपडेट्स एखाद्या आठवड्यासाठी लावा, नाहीतर ते पुन्हा येऊन बसेल. कायमचं बंद मात्र ठेवू नका, सिक्युरिटीचं सगळं त्यातूनच येतं.

पण काढायच्या आधी दोषी अपडेटच आहे का हे बघा. स्टार्टमधे रिलायबिलिटी टाइप केलं की व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी येतं, त्यात तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात आणि फुलीवर क्लिक केलं की खाली बंद पडलेल्या प्रोग्रॅमचं नाव येतं. आमच्या शेजारच्या काकांच्या लॅपटॉपला लोक असंच अपडेटमुळे म्हणून राहिले होते, उघडून पाहिलं तर फुल्या अपडेटच्या आठवडाभर आधीपासूनच्या, आणि प्रत्येक फुलीखाली एकच नाव, मुदत संपलेला अँटिव्हायरस. तो काढला आणि हँग होणं थांबलं, अपडेटला हातही लावला नाही.

आवाजाचं वेगळं आहे, तो बहुधा ड्रायव्हरचा घोळ, म्हणजे आवाजाचा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा. डिव्हाइस मॅनेजरमधे साउंडखाली तुमच्या ऑडिओवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. रोल बॅक चालत नसेल तर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या. फुकट ड्रायव्हर अपडेटर म्हणून जे फिरतात ते अजिबात टाकू नका.

पंख्याचं म्हणाल तर मोठ्या अपडेटनंतर काही तास मागे काम चालूच असतं, चार्जरला लावून रात्रभर ठेवा. सकाळी टास्क मॅनेजर बघा, सीपीयू म्हणजे प्रोसेसर चार-पाच टक्क्यांवर निवांत आहे आणि तरी पंखा ओरडतोय आणि खालून चटका बसतोय तर त्यात अपडेटचा हात नाही, आत धूळ भरलीय आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असताना तो बिचारा काय थंड होणार. त्यासाठी दुकानात जा, पण साफ करून घ्यायला जा, आणि गार करायला म्हणून कूलरच्या ओल्या हवेसमोर ठेवू नका.

रिलायबिलिटीत कोणतं नाव निघालं आणि गो बॅक दिसतंय का तेवढं मॉडेल नंबरसकट लिहा, पुढचं बघू.