आधी स्वाराचे पाय बघा

घोड्यांच्या दंतकथा वाचायला घेतल्यात, फार छान. पण एक विनंती: कथेआधी घोड्याचं सामान ओळखायला शिका. लगाम, खोगीर, रिकीब (स्वाराने पाय अडकवायची कडी). जुनं शिल्प समोर आलं की आधी स्वाराचा पाय बघायचा. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरच्या शिल्पपट्टीत (इ.स.पू. पाचवं शतक) स्वारांचे पाय मोकळे लोंबतात, रिकीब नाही, खोगीरही नाही. घोड्यांच्या तोंडाजवळ बारीक छिद्रं दिसतात, तिथे धातूचे लगाम बसवलेले होते. चीनमध्ये चांगशाच्या इ.स. 302 च्या थडग्यातल्या काही स्वारमूर्तींना मात्र रिकीब आहे, तीही एकाच बाजूला, चढण्यापुरती. एवढं नजरेत बसलं की चित्रातल्या चुका आपोआप खटकायला लागतात.

पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी, दोन वर म्हणजे रणात पडला, असं कुणीही छातीठोकपणे सांगेल. सोडून द्या. शिल्पकारांचा असा सर्वमान्य नियम कधीच नव्हता.

लोककथा मात्र टाकू नका, फक्त त्यांची वही वेगळी ठेवा. इंग्लंडमध्ये अफिंग्टनच्या टेकडीच्या उतारावर चर खणून, त्यात पांढरा खडू भरून काढलेला सुमारे 110 मीटर लांब घोडा आहे. लोकांनी त्याचं नातं संत जॉर्ज आणि ड्रॅगनशी जोडलं; मातीच्या चाचणीत तो साधारण 3000 वर्षांपूर्वीचा निघाला. गवताखाली तो बुजू नये म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या तण काढत, खडू ठोकून बसवत आले. मला कथेपेक्षा ही राखण मोठी वाटते. त्या साफसफाईच्या वेळी तिथे जत्रा भरायची, तिच्याबद्दल आधी वाचा.