मिश्रित, मिश्र की संमिश्र?

विलेपार्ल्याच्या एका वाचक भगिनी आपल्या कार्यालयाच्या गृहपत्रिकेसाठी ॲपलच्या ‘व्हिजन प्रो’ या डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटविषयी लेख लिहीत होत्या. त्यात ‘या हेडसेटला जनतेकडून मिश्रित प्रतिक्रिया प्राप्त झाल्या’ असे एक वाक्य होते. संपादकांनी ‘मिश्रित’ खोडून ‘संमिश्र’ केले. या दोन शब्दांत खरोखर फरक आहे, की ही केवळ संपादकांची आवड, असे त्यांनी विचारले आहे.

फरक आहे, आणि संपादकांचे बरोबर आहे. त्यांनी त्या वाक्यातला एकच शब्द बदलला, याचे मात्र मला नवल वाटते.

‘मिश्रित’ म्हणजे कोणीतरी मिसळलेले, किंवा ज्यात काही मिसळले गेले आहे असे. मराठीत हा शब्द बहुधा समासाच्या शेवटी येतो आणि पुष्कळदा तक्रारीच्या सुरात येतो: पाणीमिश्रित दूध, रसायनमिश्रित सांडपाणी, पहिल्या पावसानंतर नळाला येणारे गाळमिश्रित पाणी. (केशरमिश्रित दूध हा सुखद अपवाद.) त्यामुळे ‘मिश्रित प्रतिक्रिया’ असे वाचले की त्या प्रतिक्रियांत कोणीतरी बाहेरून काही घातले आहे, असा उगाच संशय येतो. ‘मिश्र’ची गोष्ट वेगळी. मिश्र धातू, मिश्र विवाह, मिश्र अपूर्णांक या प्रयोगांत तो एका ठरलेल्या प्रकाराचे नाव सांगतो. पितळेत तांबे आणि जस्त वेगळे दाखवता येत नाही, तिथे हा शब्द शोभतो.

‘संमिश्र’मधला ‘सम्’ हा उपसर्ग पाहता त्याचा अर्थ ‘चांगले एकजीव झालेले’ असा व्हायला हवा होता. पण रूढी नेमकी उलट्या दिशेने गेली आहे. आपण माहीमला संमिश्र वस्ती म्हणतो, तेव्हा तिथे देऊळ, दर्गा आणि चर्च जवळजवळ असूनही आपापल्या जागी आहेत, हेच सांगायचे असते. मतांचेही तसेच असते. ती शेजारी नांदतात, एकमेकांत विरघळत नाहीत. म्हणून प्रतिक्रिया संमिश्र.

मुंबईकरांना हा शब्द ‘बंदला संमिश्र प्रतिसाद’ या मथळ्यामुळे पाठ झालेला आहे. दादरला दुकाने बंद, अंधेरीला उघडी, लोकल वेळेवर, असा दिवस गेला की हा मथळा ठरलेला असतो, आणि ‘बंद फारसा जमला नाही’ हे सभ्यपणे सांगण्याचे काम तो करतो. हेडसेटच्या बातमीतही हा शब्द अशी पळवाट होऊ शकतो, कारण तो दोन अगदी वेगळ्या परिस्थितींवर पांघरूण घालतो. काहींना वस्तू आवडली आणि काहींना आवडली नाही, ही एक परिस्थिती. तिला दुमत किंवा मतमतांतरे म्हणता येते. एकाच माणसाला ती आवडलीही आणि नकोशीही झाली, ही दुसरी. ‘व्हिजन प्रो’ २ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत विक्रीस आला, तेव्हा पडद्याची स्पष्टता आणि नुसत्या नजरेने व बोटांच्या चिमटीने चालणारे नियंत्रण यांची मनापासून स्तुती करणारेच अनेकदा ३,४९९ डॉलर किंमत आणि सहाशे ग्रॅमहून अधिक वजन यांविषयी कुरकुरत होते. हे दुमत नव्हे; ही द्विधा मनःस्थिती आहे, धरले तर चावते आणि सोडले तर पळते अशी. लेखिकेने यांपैकी काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे, म्हणजे विशेषणाची फारशी गरजही उरणार नाही.

आता वाक्यातल्या उरलेल्या शब्दांकडे वळू. मराठीत एखाद्या गोष्टीला प्रतिसाद मिळतो, पण तिच्याबद्दल किंवा तिच्यावर प्रतिक्रिया उमटते. ‘हेडसेटला प्रतिक्रिया’ हे ‘ला’ प्रतिसादाकडून उसने आले आहे. शिवाय प्रतिसाद कृतीतून दिसतो, म्हणजे हजेरीतून, खरेदीतून, प्रतिक्रिया बोलण्यातून. विशेषण न लावता ‘लोकांनी प्रतिसाद दिला’ म्हटले तर तो अनुकूलच समजला जातो, तर ‘तीव्र प्रतिक्रिया’ अनुकूल असल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. ‘जनता’ हा शब्द सभेच्या व्यासपीठावर राहू द्यावा. वस्तू वापरून पाहणारे ते लोक किंवा ग्राहक. ‘प्राप्त झाल्या’ हे सरकारी टपालाला साजेसे आहे.

‘मिश्र’ टाळण्याचे या लेखापुरते आणखी एक कारण आहे. पॉल मिलग्रम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये ‘मिक्स्ड रिॲलिटी’ ही संज्ञा मांडली, आणि तिच्यासाठी मराठीत ‘मिश्र वास्तव’ हाच सरळ शब्द आहे. समोरच्या खऱ्या खोलीत आभासी वस्तू ठेवणारे उपकरण आणि त्याबद्दलची मते या दोहोंना एकाच लेखात ‘मिश्र’ म्हटले तर वाचक गोंधळेल. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’साठी मी ‘वर्धित वास्तव’ लिहितो. ‘संवर्धित’ नको, कारण पशुसंवर्धन आणि वनसंवर्धन यांमुळे त्याला जोपासण्याचा अर्थ चिकटला आहे, आणि हे उपकरण वास्तवाची जोपासना करत नाही, त्यात भर घालते. ‘हेडसेट’ तसाच ठेवावा. ‘शिरस्त्राण’ सुचवणारे भेटतात, पण त्यातले ‘त्राण’ म्हणजे रक्षण, आणि हे यंत्र डोक्याचे रक्षण करत नाही. ‘चष्मा’ म्हणावे, तर एवढे वजन कोणत्याही नाकाला पेलणारे नाही.

लेखिकेला दुसरी परिस्थिती अभिप्रेत असेल, तर मी वाक्य असे लिहीन: ‘हा हेडसेट वापरून पाहणाऱ्या अनेकांना त्यातले दृश्य फार आवडले, पण त्याची किंमत आणि वजन खटकले.’ पहिली असेल, तर ‘या हेडसेटबद्दल संमिश्र प्रतिक्रिया उमटल्या’ हे पुरेसे आहे. ‘प्रतिसाद’ हा शब्द विक्रीविषयी लिहायची वेळ येईल तेव्हासाठी राखून ठेवावा.