प्रेम आणि शरीराच्या ओढीवरची कादंबरी हवी असेल तर 'वंशवृक्ष' वाचा

तुम्ही विचारलंय, प्रेम, वासना आणि स्वतःचा शोध यांवरची एखादी चांगली अनुवादित कादंबरी कुठली, आणि अनुवादात मूळचा जीव राहतो का.

मी एकच नाव सांगेन. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष'. मूळ कन्नड १९६५ची. मराठीत उमा कुलकर्णींनी आणली आणि त्या अनुवादाला १९८९चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उमाताई जन्मानं आमच्या बेळगावच्या, म्हणून थोडा जास्तच जिव्हाळा आहे, हे कबूल करते.

गोष्ट म्हैसूरजवळच्या नंजनगूडची. तिथल्या धर्मनिष्ठ श्रीनिवास श्रोत्रींचा तरुण मुलगा कपिला नदीत बुडून जातो. मागे बायको कात्यायनी आणि तान्हं मूल. ती म्हैसूरला कॉलेजात जायला लागते आणि तिथल्या प्राध्यापकाच्या, राजारावच्या प्रेमात पडते. पावसाळ्यात खानापुराकडं मलप्रभा कशी चढते ते पाहिलेल्या माणसाला ती कपिला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मी पूर्ण कात्यायनीच्या बाजूची होते. चाळिशीत परत वाचली तेव्हा मात्र श्रोत्रींपाशी अडकले. बायकोला पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका, म्हणून ती स्वतःच नवऱ्याला घरात कामाला असलेल्या लक्ष्मीकडं जा म्हणते. त्या माणसाच्या मनातली आणि अंगातली झटापट लेखकानं इतक्या सरळपणे लिहिलीय, की संयम म्हणजे इच्छाच नसणं, हा माझा समज तिथंच गळून पडला. आणि ज्या वंशाच्या शुद्धतेसाठी त्यांनी आयुष्य घातलं, त्याच्या मुळाशी काय निघतं ते तुम्हीच वाचा, मी सांगणार नाही. दुसऱ्या घरातली, म्हणजे राजारावची वहिनी, नागलक्ष्मीही विसरू नका. नवरा, सदाशिवराव, संशोधनातल्या सहकारी बाईशी दुसरं लग्न करतो आणि ही वहीत रामनाम लिहीत बसते. तिच्या मनातल्या इच्छेचं काय, हे कुणी विचारत नाही. मला तीच सगळ्यात जास्त लागली.

आता जीव राहतो का. उमाताईंचे यजमान विरूपाक्ष कन्नड मोठ्यानं वाचायचे आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. कानातून आलेली भाषा आहे ती. सीमेवरच्या घरांत हेच चालतं. माझ्या सासूबाई शहापूरच्या बाजारात कन्नडात घासाघीस करत, पण त्यांना कन्नड अक्षर वाचता येत नव्हतं. आक्का, अण्णा, अप्पा ही हाक दोन्हीकडं सारखीच. त्यामुळं अनुवाद वाचताना परक्या घरात शिरल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही.

डोळे अधू झाल्यावर सासूबाईंना मी ही कादंबरी वाचून दाखवली. कात्यायनी मुलाला मागं ठेवून जाते तिथं त्यांनी मला थांबवलं.

"लेकरू ठेवून गेली, तिला झोप लागली काय गं रात्री?"

मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं त्याच म्हणाल्या, "वाच की पुढं."