वाचकांचे प्रश्न : घरच्या शेडसाठी बँडसॉ, पैसे किती आणि कशाचे?

प्रश्न : जुन्या वाड्यांचे सागवानी वासे मिळतात, साधारण चार बाय तीन इंचांचे. ते उभे चिरून तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फळ्या काढायच्या, त्यांच्या पेट्या करायच्या आणि उरलेल्या तुकड्यांतून लहान मुलांची खेळणी, असा बेत आहे. घरामागे दहा बाय बारा फुटांची शेड आहे. वीज सिंगल फेज. त्यासाठी बँडसॉचे, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडाच्या करवतीचे, तीन दर मिळाले आहेत : नऊ इंची, अर्धा एचपी, १९,००० रुपये, बारा इंची, एक एचपी, ४६,०००, चौदा इंची, दोन एचपी, ८४,०००. दुकानदार म्हणतात, घ्यायचं तर एकदाच मोठं घ्या. घरचे म्हणतात, आधी छोटं घेऊन बघ. किती खर्च करावा? (कऱ्हाड)

उत्तर : सगळं मिळून ६०,००० च्या आत. त्यात मशीन बारा इंची. मात्र ते हो म्हणण्याआधी एक चाचणी घ्यायची आहे, ती पुढे दिली आहे.

नऊ, बारा, चौदा हे आकडे चाकाच्या व्यासाचे. त्यावरून वळणं कापताना लाकूड किती आत जाईल ते कळतं. तुमच्या कामाला त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे टेबलापासून वरच्या गाइडपर्यंतची (ब्लेडाला बाजूंनी आणि मागून सांभाळणाऱ्या भागापर्यंतची) उंची. नऊ इंची मशीनवर ती बहुधा साडेतीन इंचांच्या आसपास असते. चार इंचांचा वासा उभा ठेवला तर तो आतच जात नाही, मग बाकीची चर्चा कशाला? फक्त खेळणी करायची असती, तर १९,००० वालं चाललं असतं आणि वर आणखी खर्च करू नका असंच सांगितलं असतं.

आता बँडसॉमध्ये पैसे नेमके कशाचे द्यायचे ते बघू. मोटर नंतर बदलता येते. आडपट्टी, म्हणजे ज्याला फेन्स म्हणतात ती, घरी बनवता येते. गाइडची बेअरिंगं बाजारात मिळतात. चौकट मात्र बदलता येत नाही, आणि ब्लेड ताणून धरायचं काम चौकटीचं आहे. साध्या कार्बन ब्लेडला दर चौरस मिलिमीटरला दहा किलोच्या आसपास ताण लागतो. दोन सुती, म्हणजे ६ मिमी रुंद ब्लेडला दात्यांच्या मागचं अंग जेमतेम दीड चौरस मिलिमीटर असतं. ब्लेडाचा उतरता पदर आणि चढता पदर धरून चाकांवर तीसेक किलो जोर येतो. चार सुती, ०.६ मिमी जाड ब्लेडला तोच जोर १०० ते १२० किलो होतो. पातळ पत्र्याची चौकट तेवढ्याला वाकते. वाकली की ब्लेड ढिलं राहतं, ढिलं ब्लेड लाकडाच्या पोटात वाकडं जातं, आणि फळी मधे जाड, कडेला पातळ निघते. दुकानात खेळण्याचा आकार कापून दाखवतात तेव्हा यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून चाचणी. दुकानदाराला चार सुती ब्लेड चढवायला सांगा, दोन सुतीवर समाधान मानू नका. पूर्ण ताण द्या. ताणाच्या काट्यावर विसंबू नका, स्वस्त मशीनवर तो शोभेचाच असतो. त्याऐवजी ताण वाढवत जाताना वरच्या चाकावर ब्लेड पुढे सरकतंय का ते हाताने चाक फिरवून पाहा. दर वेळी ट्रॅकिंगचा, म्हणजे ब्लेड चाकावर जागेवर आणायचा, स्क्रू बराच फिरवावा लागत असेल, तर चौकट पीळ घेतेय. मग चार इंच उंचीचा सागाचा किंवा बाभळीचा तुकडा सावकाश चिरा आणि कापाला गुण्या लावा. गुण्याखालून उजेड दिसला तर ते मशीन तुमच्या कामाचं नाही. शेवटी वरच्या गाइडचा दांडा खाली-वर करा. दांडा खाली असताना गाइडला टेकणारं ब्लेड दांडा वर नेल्यावर सुटत असेल, तर दर वेळी उंची बदलली की गाइड नव्याने लावत बसाल. हा दोष फार मशीनमध्ये दिसतो आणि गिऱ्हाईक तो कधी तपासत नाही.

एक एचपीवर चार इंच साग चिरला जातो, सावकाश. सहा इंचांना घाई केली तर मोटर दमते. आठ-दहा इंच रुंद फळ्या नेहमी काढायच्या असतील तरच चौदा इंची आणि दोन एचपीचे पैसे वसूल होतात. वाशांसाठी नाही.

फायदा कुठे आहे तेही बघा. तीन इंच म्हणजे ७५ मिमी. साडेनऊ मिमीची फळी, रंध्याला दीड मिमी आणि बँडसॉच्या कापाला एक, असे प्रत्येकी १२ मिमी जातात. वाशातून सहा फळ्या निघतात. गोल करवतीचा काप तीन मिमीचा धरला तर पाचच. म्हणजे दर वाशामागे एक फळी जास्त. महिन्याला दोन-चार वासेच चिरणार असाल तर मात्र खरं सांगायचं तर वखारीत चिराई द्या, वळणांना जिगसॉ वापरा आणि ४६,००० बँकेत ठेवा.

उरलेले १४,००० कशाला? बहुतेकांचा खर्च इथेच चुकतो : सगळे पैसे मशीनला जातात आणि मशीनबरोबर आलेल्या ब्लेडवरच दोन वर्षं काढली जातात. ते ब्लेड बहुधा सुमार असतं. सुरुवातीलाच पाच ब्लेडं घ्या : दोन सुती, इंचाला ६ दाते, दोन नग, चार सुती, इंचाला ३ दाते, दोन नग, तीन सुती, ४ दाते, एक. दोन सुती ब्लेड साधारण १६ मिमी त्रिज्येचं वळण घेतं, तीन सुती ३७ मिमीचं, चार सुती ६४ मिमीचं. यापेक्षा आवळून वळवलं तर ब्लेड पिळतं आणि गाइड खातं. वाशांसाठीच्या दोन ब्लेडांपैकी एक बायमेटल (लवचीक पाठीला जास्त कडक पोलादाचे दाते असलेलं) घ्या. जुन्या वाड्याच्या लाकडात डोकं तुटलेले खिळे असतातच, लोहचुंबक फिरवूनही एखादा निसटतो. कार्बनचं ब्लेड त्या एका खिळ्यात संपतं, बायमेटल बहुधा निभावतं. वासा चिरण्यापूर्वी तारेच्या ब्रशने माती काढा. धार मातीनेही जाते.

त्यानंतर मीटरपासून स्वतंत्र लाइन : अडीच चौरस मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग. भुशासाठी व्हॅक्यूम आणि नाकाला मास्क. सागाचा बारीक भुसा बंद शेडमध्ये त्रासदायक असतो, पुष्कळांना अंगावर खाज येते.

प्रश्न : माझ्याकडे चौदा इंची मशीन आहे. तंबोऱ्याच्या कामासाठी सहा इंच रुंद तुणाच्या लाकडाच्या पातळ फळ्या काढतो. ब्लेड आडपट्टी सोडून डावीकडे जातं. मशीन विकून मोठं घ्यावं का? (मिरज)

उत्तर : मशीन विकण्याआधी ब्लेड बदला. खर्चाचा क्रम नेहमी तसाच असावा.

ब्लेड एकाच बाजूला जातं, याचं पहिलं कारण एका बाजूच्या दात्यांची धार किंवा फाक (दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात ती) गेलेली असते. खिळ्याला किंवा टेबलाच्या कडेला एकदा घासलं तरी पुरतं. उरलेल्या धारदार बाजूकडे ते ओढत राहतं. दुसरं कारण दाते बारीक असणं. इंचाला सहा दात्यांचं ब्लेड सहा इंचांच्या लाकडात घातलं की एका वेळी ३६ दाते आत असतात. दात्यांमधल्या खाचा भुशाने भरतात, भुशाला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि मागून लाकूड रेटलं की ब्लेड बाजूला पळतं. या कामाला इंचाला तीन दाते, चार सुती.

नवं ब्लेड लावल्यावर गाइड नीट बसवा. बाजूच्या गाइडमध्ये वहीच्या कागदाएवढी फट, आणि त्यांची पुढची कड खाचांच्या मागे. ती पुढे आली तर दात्यांची फाकच चपटी होते. मागचं बेअरिंग मोकळ्या ब्लेडपासून अर्धा मिमी दूर. लाकूड रेटल्यावरच ते फिरायला हवं.

तरीही ओढ राहिली तर आडपट्टीच फिरवा. फळीवर कडेशी समांतर रेघ मारा आणि आडपट्टी न लावता, रेघ सोडू न देता फूटभर कापा. मग फळी तशीच दाबून धरा, मोटर बंद करा, आणि फळीच्या कडेने टेबलावर पेन्सिल ओढा. त्या रेघेला आडपट्टी समांतर लावा. ब्लेड बदललं की कोन बदलतो, म्हणून आडपट्टीचे बोल्ट कायमचे आवळू नका.

लाकूड ओलं असेल तर यातलं काहीच तुम्हाला वाचवणार नाही. पातळ फळी दुसऱ्या दिवशी पत्र्यासारखी वळते. दोन सूत जादा ठेवून चिरा, मधे काड्या घालून रचा, आणि वाळल्यावर अंतिम जाडी काढा.

प्रश्न : बंद पडलेल्या वखारीतलं २४ इंची बिडाचं मशीन ३८,००० ला मिळतंय. तीन एचपी, थ्री फेज. घरी सिंगल फेज आहे. घेऊ का? (सांगली)

उत्तर : चौकट म्हणून पाहिलं तर आजचं कुठलंही हलकं मशीन त्याच्यापुढे टिकणार नाही. बीड वाकत नाही. पण ३८,००० ही सुरुवातीची रक्कम समजा.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखड वाटली तर शाफ्ट किंवा बेअरिंग गेलंय. हे भीतीचं नाही : ६२०४, ६२०५ सारखी बेअरिंगं कुठेही मिळतात आणि कुपवाड-मिरजेच्या पट्ट्यात लेथवाल्यांची वानवा नाही. भीती आहे ती चौकटीतल्या किंवा चाकाच्या आऱ्यांमधल्या तड्याची. रंग नवा दिसला तर तिथेच खरवडून बघा. बिडाला ब्रेझिंग (पितळेचा जोड) केलेलं चाक फुकट दिलं तरी नको. चाकांना रबराची धाव आहे का तेही पाहा. वखारीतली बरीच मशीनं रुंद ब्लेडासाठी असतात, त्यांच्या नुसत्या लोखंडी धावेवर दोन सुती ब्लेडाचे दाते टिकत नाहीत.

मोटरची पाटी वाचा. तिच्यावर ४१५ व्होल्ट डेल्टा असं असेल, तर सिंगल फेजच्या साध्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर) ती पूर्ण ताकद देणार नाही, कारण तो २३० च देतो. तेव्हा दोन एचपीची सिंगल फेज मोटर आणि पुलीचा खर्च धरा. चाकांवर पत्र्याची झाकणं नसतील तर ती आधी बनवा, मग मशीन सुरू करा. तुटलेलं ब्लेड उघड्या चाकावरून थेट माणसाकडे येतं.

ब्लेडाची लांबी काढायला व्यासाला ३.१४ ने गुणा आणि दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करून त्यात मिळवा. व्यास ३५० आणि अंतर ६४० मिमी असेल तर १,१०० अधिक १,२८०, म्हणजे २,३८० मिमी. मोजताना ताणाचा स्क्रू मध्यावर ठेवा.

आणि एक काम पैसे देण्याआधीचं. लाकूड चिरणाऱ्या गिरण्यांवर १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे परवान्याची कडक नजर आहे. वखारीचं मशीन घरी आणून बसवताना जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मशीन आठवड्यातून दोनच दिवस चालणार असलं तरी.

प्रश्न : नऊ इंची मशीनवर ब्लेड टिकत नाही, आठ-दहा दिवसांत तुटतं. जाड ब्लेड घेतलं तर ते आणखी लवकर तुटलं! (वाई)

उत्तर : तुटणारच. ब्लेडाची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावी असा जुना ठोकताळा आहे. तुमचं चाक २३० मिमीचं. त्यावर ०.६ मिमीचं ब्लेड दर फेरीला दोनदा वाकतं आणि थकून तडकतं. ०.३६ पेक्षा जाड घेऊ नका.

तुटलेला तुकडा जपून ठेवा, तो पाहिला की कारण कळतं. दात्याच्या खाचेतून तडा गेला असेल तर थकवा. पाठीकडून गेला असेल तर लाकूड फार रेटलं जातंय किंवा मागचं बेअरिंग जाम आहे. बरोबर सांध्यावर तुटलं तर दोष जोडणाऱ्याचा : जोडल्यावर सांधा पुन्हा मंद लाल करून हळूहळू निवू दिला नाही, तर तो काचेसारखा ठिसूळ राहतो. काम संपल्यावर ताण ढिला करा आणि तसं कार्ड मशीनला लटकवा, नाहीतर सकाळी कुणीतरी ढिल्या ब्लेडावरच बटण दाबेल.

प्रश्न : मळ्यातल्या घरी एक एचपीचा बँडसॉ नुसता घुमतो, फिरत नाही. मोटर बदलू का? (जत)

उत्तर : आधी ब्लेड काढून सुरू करा. मोकळी मोटर फिरली तर ताण जास्त आहे किंवा बेअरिंग जड आहे. मोकळीही घुमतच असेल तर लगेच बंद करा, दहा-पंधरा सेकंदांत वाइंडिंग तापतं. मग चालू करण्याच्या क्षणी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. एरवी २२० दाखवणारी लाइन त्या क्षणी १८० च्या खाली बसत असेल, तर दोष लांबच्या बारीक वायरचा आहे. शेतपंप बंद असतानाच्या वेळी पुन्हा मोजून बघा. व्होल्टेज ठीक असेल तर स्टार्टिंग कपॅसिटर बदला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा. नव्या मोटरच्या तुलनेत तो किरकोळ पैशांत येतो. कपॅसिटरला हात लावण्याआधी प्लग काढा आणि त्याची दोन टोकं बल्बमधून जोडून तो रिकामा करा.