फ्लोरिडातल्या ऑरलँडोत थीम पार्क सोडून आई-बाबांना काय दाखवायचं?

म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस, त्यातले दोन दिवस मुलांसाठी थीम पार्कचे, आणि उरलेल्या तीन दिवसांत गुडघे दुखणारी आई आणि "मला त्या पाळण्यात बसवू नका" म्हणणारे बाबा, असा तुमचा प्रश्न आहे ना? आमच्याकडे दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येतंच, त्यामुळे हे गणित बऱ्याचदा सोडवलंय. पहिलं सांगते, दिवसाला एकच ठिकाण ठरवा आणि सकाळी लवकर निघा. तीन ठिकाणं कोंबलीत की आई-बाबा दिवसभर गाडीतच बसणार, आणि आय-फोर हायवेचा ट्रॅफिक बघायला काही ते एवढ्या लांब येत नाहीयेत.

डिस्ने इथे आलं १९७१ ला. त्याआधी इथे संत्र्याच्या बागा आणि तळी. बागा बहुतेक गेल्या, तळी आणि झरे मात्र आहेत, म्हणून माझा सगळा प्लॅन पाण्याभोवतीच असतो.

तुमच्या तारखा बघता नंबर एक म्हणजे ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क, उत्तरेला साधारण तासाभरावर. या झऱ्याचं पाणी बाराही महिने २२ डिग्री सेल्सियस असतं. थंडीत बाहेरची सेंट जॉन्स नदी गार पडली की मॅनेटी (पाण्यात राहणारे मोठे, संथ, गवत खाणारे सस्तन प्राणी) ऊब शोधत झऱ्यात शिरतात, जेवढी थंडी जास्त तेवढी गर्दी जास्त. त्यामुळे हवामानात बघून सगळ्यात गार सकाळ यासाठी राखून ठेवा, ऊन चढलं की त्यातल्या बऱ्याच चरायला परत नदीत जातात. पाण्याच्या कडेने लाकडी बोर्डवॉक आहे, आईंना पूर्ण चालायची काही गरज नाही, पहिल्या एक-दोन कठड्यांवरूनच सगळं दिसतं. पाणी इतकं नितळ की खालची वाळू दिसते, त्यावर चारपाचशे किलोची ती करडी धुडं निवांत पडलेली, मधेच एक वर येते, नाकपुड्या उघडून फुस्स करून श्वास घेते आणि परत खाली. पाठीवर बोटींच्या पंख्यांचे पांढरे वण असतात, ते बघून वाईट वाटतं. माझ्या सासूबाई दहा मिनिटं गप्प बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "अगं, ह्या तर आपल्या म्हशी!" पुढे तासभर त्यांना तिथून हलवता येईना. पार्किंग भरलं की गेट बंद करतात म्हणून आठलाच पोचा, गाडीचे ६ डॉलर. मॅनेटी सीझनमध्ये पोहायला बंदी असते, मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे भोकाड.

दुसरा दिवस विंटर पार्क. नाव पार्क असलं तरी हे टुमदार गाव आहे. इथली बोट टूर १९३८ पासून चालू आहे, तासाभराची, तीन तळी आणि त्यांना जोडणारे अरुंद कालवे, इतके अरुंद की दोन्ही बाजूची झाडं हाताला लागतील असं वाटतं. बोटीला छत नाही, टोप्या घ्या. आईंना बोटीत उतरताना हात द्या, एकदा बसल्या की काही प्रॉब्लेम नाही. नंतर जवळच मोर्स म्युझियम (सोमवारी बंद). लुई कम्फर्ट टिफनी या अमेरिकन कलाकाराच्या रंगीत काचा आहेत, आणि त्याने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी बनवलेलं अख्खं चॅपल (छोटं चर्च) आत उभं केलंय. त्याच प्रदर्शनाला जोडून सर्वधर्म परिषद भरली होती, विवेकानंदांची. एवढं सांगितलं की बाबा आपोआप कान टवकारतात, स्वानुभव.

जेवायला ऑरलँडोच्या मिल्स फिफ्टी भागात व्हिएतनामी खा, स्वस्त आणि गरमागरम. शाकाहारी असाल तर फिश सॉस नको हे वेगळं सांगावं लागतं, नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. अगदीच वरण-भाताची आठवण आली तर ऑरेंज ब्लॉसम ट्रेल या रस्त्याला इंडियन ग्रोसरी आहेत.

तिसरा दिवस केनेडी स्पेस सेंटर, पूर्वेला तासभर. हे महाग आहे आणि चालणंही आहे, तेव्हा लाज न बाळगता आईंसाठी व्हीलचेअर घ्या. सॅटर्न फाइव्ह रॉकेट आडवं ठेवलंय, ११० मीटर लांब, त्याच्याखालून चालताना बाबांचा फोटो काढाच. पण मला विचाराल तर अटलांटिस या स्पेस शटलच्या इमारतीत खाली एक शांत दालन आहे तिथे थांबा. चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलच्या अपघातांत गेलेल्या चौदा अंतराळवीरांची आठवण आहे तिथे, प्रत्येकाच्या थोड्या वस्तू मांडल्यात. त्यात कल्पना चावला पण आहे. जानेवारी २००३ मध्ये ती इथूनच उडाली होती आणि १ फेब्रुवारीला कोलंबिया इथेच उतरणार होतं. मुलं त्या दालनात आपोआप हळू बोलायला लागली होती आमची.

टोलचं मात्र बघा. केनेडीच्या रस्त्यावर टोल आहे, आणि आमच्या पाहुण्यांना एका रेंटलवाल्याने टोलपेक्षा जास्त त्याची रोजची फी लावली होती. गाडी घेताना काउंटरवरच विचारा. आणि फ्लोरिडा म्हणून फक्त टीशर्ट आणू नका, मॅनेटीच्या सकाळी आईंना शाल लागेल.