शेवाळ मारायला काय टाकू? खाऱ्या टाकीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे: मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ जायला काय टाकू? टाकीत आधीच काय आहे, हे मात्र फार थोड्यांनी कळवलं आहे. नायट्रेट, फॉस्फेट, क्षारता, खारेपणा आणि तापमान एवढे आकडे नसतील तर मी फक्त अंदाज बांधू शकतो, आणि अंदाजावर प्रवाळ जगत नाहीत. जे खात्रीनं सांगता येतं, ते सांगतो.

प्रश्न : टाकी लावून तीन आठवडे झाले. वाळूवर आणि काचेवर तपकिरी पूड बसते. दुकानदारानं ‘शेवाळनाशक’ म्हणून एक बाटली दिली आहे. कधी टाकू? (गंगापूर रोड)

उत्तर : टाकू नका, बाटली परत करा. हे डायटम, म्हणजे एकपेशी शेवाळ आहे. नव्या वाळूतलं आणि पाण्यातलं सिलिकेट सरलं की बहुधा महिन्याभरात आपोआप ओसरतात. दोन महिन्यांनीही थर येत राहिला, तर पाण्याची गाळणी कुणा जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतो, टीडीएस ४५ येतो. पिण्याला उत्तम आहे, मग टाकीला का नको? (इंदिरानगर)

उत्तर : कारण तुम्ही आणि प्रवाळ, दोघांची गरज वेगळी. बऱ्याच घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत मिसळलेलं असतं. ते ४५ नेमके कशाचे, हे मीटर सांगत नाही. कॅल्शियमचे असतील, नायट्रेटचे असतील, सिलिकेटचेही असतील. नाशिकच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्या टाकीतलं पाणी रोज उडतं, त्यात पंखा लावला तर आणखी. उडतं ते निव्वळ पाणी. बाकी सगळं मागे राहतं आणि रोजच्या भरीबरोबर वाढत जातं. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) कार्ट्रिज हवं आणि मीटरवर शून्य हवं. रेझिन संपत आलं की सिलिकेट आधी निसटतं, मीटरला ते नंतर कळतं. तेव्हा आकडा १ झाला की रेझिन बदला, १० होण्याची वाट पाहू नका.

पालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं असो की मुकण्याचं, पावसाळ्यात गढूळ आलं की पहिली गाळणी लवकर तुंबते. त्या महिन्यांत ती लवकर बदला. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आधी प्रयोगशाळेत नायट्रेट तपासून घ्यावं. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात खतांचा नायट्रेट जमिनीखाली उतरतो, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, पण टाकीवाल्यांना सांगावं लागतं.

प्रश्न : सहा महिने हिरवं केसासारखं शेवाळ आहे. आता ते प्रवाळांवर चढतंय. किट मात्र नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दाखवतं. मग शेवाळ जगतं कशावर? (नाशिकरोड)

उत्तर : त्याच नायट्रेट-फॉस्फेटवर. किट पाण्यात शिल्लक काय आहे ते दाखवतं. शेवाळानं आधीच शोषून घेतलेलं दाखवत नाही. शिवाय रंग जुळवून बघायच्या साध्या फॉस्फेट किटला प्रवाळांच्या टाकीत महत्त्वाचा असलेला बारीक फरक दिसत नाही. कमी प्रमाण मोजणारा डिजिटल मीटर घ्या किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मोजून आणा.

सहा महिने तुम्ही थांबलात याचं मला वाईट वाटतं. बोटभर होतं तेव्हा हे दोन रविवारांचं काम होतं.

आता सुरुवात हातानं करा. पंप बंद करून शेवाळ उपटा आणि सुटलेले तंतू लगेच नळीनं ओढून घ्या. एकही तरंगता ठेवू नका. उचलता येणारा दगड टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत धरून ब्रशनं घासा. लांब वाढलेलं शेवाळ गोगलगायी खात नाहीत, त्या आखूड खुंटच कुरतडतात. म्हणून गोगलगायी सफाईनंतर सोडायच्या, आधी नाही. गोठवलेलं खाणं वितळवून ते पाणी ओतून द्या, फक्त खाणं टाका. फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी, दर तीन दिवसांनी बदला. त्यात अडकलेला कचरा तिथेच कुजला तर सॉक असून उपयोग नाही. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, जागा असेल तर कीटोमॉर्फा ही शेवाळाची जात वाढवा आणि तिचा दिवा मुख्य टाकी अंधारात असताना लावा. म्हणजे तीच खतं ती खाईल आणि तुम्ही ती कापून बाहेर काढाल.

फॉस्फेट शोषणारी लोखंडी खडी, म्हणजे जीएफओ, वापरायची असेल तर डब्यावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्यानं सुरू करा. फॉस्फेट ०.३ पीपीएमवरून (पाण्याच्या दहा लाख भागांत ०.३ भाग) एका रात्रीत ०.०३ वर आणलं तर शेवाळाआधी कठीण प्रवाळ पांढरे पडतील. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, या पट्ट्यात पाणी स्थिर ठेवणं हे ध्येय. दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू बाहेर येत राहतं, त्यामुळे दोन-तीन महिने लागतील. तंतू पिसासारखे दिसत असतील तर ते ब्रायोप्सिस हे दुसरं शेवाळ असू शकतं. त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो मी नमुना पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

प्रश्न : लाईट किती तास? (म्हसरूळ)

उत्तर : आठ ते नऊ, टायमर लावा.

प्रश्न : वाळूवर लालसर-जांभळी बुळबुळीत चादर पसरते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगितलं की मेडिकलमधून एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणून पूड टाका, एका रात्रीत साफ. फिल्टरच्या जिवाणूंना काही होत नाही म्हणे. किती लिटरला किती गोळ्या? (सिडको)

उत्तर : एकही नाही. हा सल्ला इतक्या टाक्यांपर्यंत पोचला आहे की सविस्तर लिहायलाच हवं.

ती चादर शेवाळ नाही. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला दोन अब्ज वर्षांपेक्षाही आधी सुरुवात झाली, ती त्यांच्यामुळे. जिवाणू असल्यामुळे अँटिबायोटिकनं ते मरतात, एवढा भाग खरा आहे, आणि त्याच खऱ्या भागाच्या आधारावर बाकीचा सगळा सल्ला उभा आहे.

फिल्टरच्या जिवाणूंना काही होत नाही, याच्यामागचा युक्तिवाद असा असतो: हे औषध ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह’ जिवाणूंवर चालतं आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ आहेत (जिवाणूंच्या पेशीभिंतीचे हे दोन प्रकार). पण सायनोबॅक्टेरियाची भिंतही ग्रॅम-निगेटिव्ह घडणीचीच असते. औषध त्यांना मारत असेल तर बाकीच्यांना ते ओळखून सोडेल, ही खात्री कुणाच्या जिवावर द्यायची? प्रवाळांच्या चिकट आवरणात राहणाऱ्या, त्यांचं रक्षण करणाऱ्या जिवाणूंचा तर या हिशेबात कुणी विचारही करत नाही.

पुढे काय होतं ते पाहा. एका रात्रीत वाळूभर पसरलेली चादर मरते आणि कुजायला लागते. कुजण्यात प्राणवायू खर्च होतो. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर मळ काढणारं यंत्र, फेसाळून उतू जातो म्हणून लोक तो बंद करतात, म्हणजे हवा मिसळण्याची एक वाट गेली. उन्हाळ्यात टाकी २९-३० अंशांवर असेल तर कोमट पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात. मेलेल्या थरातलं नायट्रोजन-फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतं आणि महिन्याभरात चादर परत येते. जे औषधाला पुरून उरले त्यांचीच ती पुढची पिढी असते.

आणि बदललेलं पाणी कुठे जातं? बाथरूमच्या मोरीतून गटारात, तिथून मलजल शुद्धीकरण केंद्रात, तिथून गोदावरीत. ही केंद्रं अँटिबायोटिक काढून टाकण्यासाठी बांधलेली नाहीत. पुढे त्याच पाण्यावर नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढणं हा आज माणसांच्या दवाखान्यातला गंभीर प्रश्न आहे. अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल रेघ छापतात ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून, आणि माशांच्या टाकीसाठी कुठलाही डॉक्टर चिठ्ठी देणार नाही. तयार बाटल्यांचंही तेच. घटक छापलेले नसतील तर ती बाटली घरात आणू नका. ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे घटकांची यादी नव्हे.

तुम्ही करायचं ते असं. पाणी बदलताना बारीक नळीनं चादर वाळूवरून ओढून घ्या. नळीला तोंड लावून पाणी ओढू नका, हातपंप वापरा. चादर जिथे पुन्हा पुन्हा बसते तिथे प्रवाह पोचत नाही आणि कचरा साठतो, तेव्हा वेव्हमेकरची (पाणी हलवणाऱ्या पंपाची) दिशा बदला. नायट्रेट मोजा. सायनोबॅक्टेरियांच्या काही जाती हवेतला नायट्रोजन वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट चढं असेल तर त्यांचं फावतं. एवढ्यानं भागलं नाही तर आधी चादर काढून मग तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन सतत चालू. तो अंधार करण्याआधी मला आकडे पाठवा आणि टाकीत कोणते प्रवाळ आहेत ते कळवा. सगळ्यांना तो सारखा सोसत नाही.

प्रश्न : शेवाळाच्या भीतीनं नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलं. आता बुडबुडे अडकलेले तपकिरी, शेंबडासारखे धागे आलेत आणि गोगलगायी मरतायत. (पंचवटी)

उत्तर : बहुधा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशी सूक्ष्मजीव. शेत मोकळं पडलं की तण शिरतं तसं झालं आहे: बाकीचं सगळं उपाशी ठेवलं आणि जागा यांना मिळाली. पाणी बदलणं काही दिवस थांबवा, जीएफओ काढा, खाणं थोडं वाढवा आणि नायट्रेट ५ व फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ द्या. यूव्ही, म्हणजे पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा, लगेच विकत घेऊ नका. यांच्यातले ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतात, त्यांच्यावर यूव्ही चालतो. अँफिडिनियम वाळूतच राहतात, त्यांच्यावर चालत नाही. दोन्ही फोटोत सारखेच दिसतात. ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असतो. ताजा नमुना घेऊन जा. काहींचं विष माणसालाही बाधतं, म्हणून हातमोजे घाला.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात शेवाळ झालं की मोरचूद टाकतो, बागेत बोर्डो मिश्रण मारतो. टाकीत चिमूटभर मोरचूद चालेल का? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : मुळीच नाही. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांब्याचा अंश इतका थोडा असला की मासा तगतो, तरी गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ मरतात. माशांच्या उपचारात तांबं वापरतात ते वेगळ्या टाकीत, रोज मोजून. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरतं आणि पुढे बाहेर येत राहतं. आधीच टाकलं असेल तर उद्याची वाट पाहू नका. जिवंत प्राणी दुसऱ्या खाऱ्या पाण्यात हलवा आणि आजच जाणकाराला बोलवा. फवारणीच्या दिवशी हात साबणानं धुतल्याशिवाय टाकीत घालू नका, हेही तुम्हाला सांगून ठेवतो.

प्रश्न : दगडांवर जांभळे-गुलाबी टणक डाग वाढतायत. खरवडू का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नको, ते कोरलाइन शेवाळ आहे आणि हवंच आहे.

प्रश्न : दगड शेवाळानं भरलेत. बाहेर काढून मोठ्या पातेल्यात उकळून घेतो म्हणजे एकदाचं संपेल. ठीक ना? (सातपूर)

उत्तर : गॅस पेटवू नका. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांचे मऊ नातलग) असतील तर त्यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं. असं करून अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याची उदाहरणं परदेशात नोंदलेली आहेत. यावर ठरावीक उतारा नाही. कुणी आधीच उकळलं असेल आणि ताप, खोकला, धाप किंवा तोंडात धातूसारखी चव जाणवत असेल तर घराबाहेर पडा, तडक रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. दगड साफ करायची सुरक्षित रीत तुमच्या दगडावर काय आहे ते पाहूनच ठरवू.

शेवाळावर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. परदेशी कृतींत ३ टक्क्यांचं असतं, आपल्या मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. टक्का न वाचता माप घेतलं तर दुप्पट जाईल, आणि कोळंबीला ते फार लागतं.

प्रश्न : दोन फुटी टाकीत शेवाळ खायला पिवळा टँग सोडू का? (अशोका मार्ग)

उत्तर : नाही, त्याला चार फुटांहून मोठी टाकी लागते.

प्रश्न : मालवणला जाणार आहोत. किनाऱ्यावरून एखादा ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जीव वसलेला दगड, आणला तर टाकीचं संतुलन सुधारेल ना? (इगतपुरी)

उत्तर : आणू नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. काही मोठे शंखही संरक्षित आहेत, म्हणून गोगलगाय घेतानाही जातीचं नाव आणि बिल मागा. ‘सगळे विकतात’ हे कायद्यापुढे उत्तर नाही. शंका असेल तर वन विभागाला विचारा. संतुलनाचं म्हणाल, तर समुद्रातल्या दगडाबरोबर बबल अल्गी आणि ब्रायोप्सिस ही त्रासदायक शेवाळं फुकट येतात.

प्रश्न : सम्पमधलं कौलर्पा शेवाळ फार वाढलं. कापलेलं कुठे टाकू? पुढच्या आठवड्यात मुंबईला जातोय, समुद्रात सोडू का? (पाथर्डी फाटा)

उत्तर : समुद्रात अजिबात नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाजवळ समुद्रात कौलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा पुंजका दिसला होता. तिथून ते भूमध्य समुद्राच्या तळावर दूरवर पसरलं. नखाएवढा तुकडाही पुन्हा रुजतो. नाल्यात किंवा संडासातही नको. कागदावर पसरून उन्हात कडकडीत वाळवा, पिशवीत बांधा आणि घंटागाडीत द्या. आणि कौलर्पा सम्पमध्ये ठेवायचंच का, हे मला आधी विचारा. ते अचानक प्रजननपेशी सोडून मरतं तेव्हा शोषलेलं सगळं एका दिवसात पाण्यात परत येतं. कीटोमॉर्फा मिळत असेल तर बदलून टाका.